जहाज बुडालं, हिशोब जुळला

चित्रपटावर टीका लिहायची तर टीकाकाराने तो आधी नीट पाहिलेला असावा, अशी एक भाबडी समजूत आहे. मी ज्या चित्रपटाविषयी लिहायला बसलो आहे तो मी एकदा नव्हे, चांगला दोनदा पाहिला आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला इंग्रजी समजत नव्हतं आणि दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा ऐकू येत नव्हतं. मधली साठ वर्षं मात्र मी त्याच्याविषयी अत्यंत ठाम मतं बाळगून होतो. इतकी पात्रता पुष्कळ झाली.

चित्रपटाचं नाव 'अप द क्रीक'. साल १९५८. ब्रिटिश, कृष्णधवल, दीड तासाच्या आतला. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट. परवा नातवाने तो कुठूनसा शोधून काढला आणि माझ्यासमोर लॅपटॉप उघडून ठेवला. "आजोबा, हाच ना तो तुमचा बोटीचा पिक्चर?" मी मान डोलावली. दहा मिनिटांत तो झोपला. ही त्याच्या आधीच झोपली होती. उरलेली तास-सव्वातास बोट मी एकट्याने बुडवली.

पहिल्यांदा पाहिला तो १९६२ साली, फोर्टातल्या एका थिएटरात, रविवारच्या मॉर्निंग शोला, आणि तोही अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभ्या जन्मात थिएटरात जाऊन तीन चित्रपट पाहिले. पहिला 'संत तुकाराम', दुसरा 'श्यामची आई' आणि तिसरा हा. या तिघांच्या पंक्तीला पीटर सेलर्स जाऊन बसला याचं कारण शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ. ते त्या थिएटरात डोअरकीपर होते. त्यांनी दोन पास आणून दिले. फुकटचं वाया घालवायचं नाही हा आमच्या घराण्याचा बाणा. शिवाय "पोराचं इंग्रजी सुधारेल" हे दुसरं कारण. आता त्या चित्रपटात सेलर्स खोटा आयरिश हेल काढून बोलतो. त्याने माझं इंग्रजी सुधारणं म्हणजे मालवणी फार्स बघून गीर्वाणभारती सुधारण्यापैकी होतं. पण हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? 'क्रीक' म्हणजे खाडी एवढं अण्णांना ठाऊक होतं. ठाणे खाडीसारखं काहीतरी भूगोलाचं असेल अशा समजुतीने ते इस्त्रीचा कोट घालून आले होते. इंग्रज खलाशांच्या बोलीत खाडीत वर जाऊन अडकणं म्हणजे पुरते गोत्यात येणं, हे मला फार पुढे कळलं.

कथा थोडक्यात अशी. हम्फ्री फेअरवेदर नावाचा नौदलातला एक लेफ्टनंट आहे. मनाने सज्जन, पण डोक्यात रॉकेटचं खूळ. अशा माणसाला वरिष्ठ काय करतात? आपल्याकडे करतात तेच. बढतीसारखी दिसणारी बदली करतात. त्याला 'बर्कली' नावाच्या एका विनाशिकेचा कप्तान नेमतात. विनाशिका हा शब्द ऐकून दचकू नका. ही विनाशिका सफोकच्या किनाऱ्यावर एका आडगावच्या धक्क्याला बांधलेली आहे आणि कित्येक वर्षांत समुद्रावर गेलेली नाही. तिला दोन वर्षं कप्तानच नाही. पण जहाज ओस नाही बरं का! जहाजावर खलाशी आहेत, आणि खलाशांचा एक सारंग आहे. इंग्रज त्याला बोसन म्हणतात. या सारंगाने जहाजाचा असा काही प्रपंच मांडला आहे की कोकणातल्या एखाद्या खोताने येऊन शिकून जावं. डुकरं आहेत, कोंबड्या आहेत. गावाचे कपडे धुऊन देण्याचा धंदा आहे. पाव-पेस्ट्रीचा धंदा आहे. आणि सरकारी कोठारातली रम आदीकरून जो काही माल आहे, तो गावात रीतसर विकला जातो. गाव खूश, खलाशी खूश, सारंग खूश, आणि लंडनमधल्या कचेरीत कागदावर जहाज बिनचूक उभं. अशा सुखी संसारात नवा कप्तान येऊन पडतो आणि तोही प्रामाणिक!

इथून पुढे काय होणार हे तुम्ही ओळखलंच असेल. मला तेव्हा ओळखता आलं नाही. आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारे पारशी गृहस्थ बसले होते. ते हसले की मी हसायचो. ते अधूनमधून खोकायचे, तिथेही मी दोनदा हसलो.

आता टीकाकाराच्या खुर्चीत नीट बसतो. पहिली गोष्ट म्हणजे ही कल्पना नवी नाही. याच व्हॅल गेस्टने तरुणपणी ज्याच्या लेखनाला हात लावला होता, तो 'ओ, मिस्टर पोर्टर!' हा १९३७ चा विनोदी चित्रपट. विल हे हा नट त्यात आयर्लंडमधल्या एका टाकून दिलेल्या रेल्वे स्टेशनावर स्टेशनमास्तर म्हणून जातो. स्टेशनावर एक थेरडा आणि एक ढोला पोरगा, दोघांनी मिळून रेल्वेच्या मालावर आपलं पोट बेतलेलं. एकवीस वर्षांनी गेस्टने स्टेशन काढून तिथे जहाज बसवलं. पण मी याला चोरी म्हणणार नाही. स्वतःच्याच परसातला आंबा दुसऱ्या फांदीवरून काढला, इतकंच.

दुसरी गोष्ट, ही फांदी त्याने फार वेळेवर निवडली. युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती. ब्रिटनच्या बंदराबंदरांत राखीव म्हणून बांधून ठेवलेल्या आणि भंगाराची वाट बघणाऱ्या नौका होत्या. १९५६ साली सुएझमध्ये शोभा झालेली. १९५७ साली डंकन सँडिस या संरक्षणमंत्र्याने श्वेतपत्रिका काढून सांगितलं की आता पुढचं युग क्षेपणास्त्रांचं, सैन्य कमी करा, सक्तीची भरती बंद करा. म्हणजे पडद्यावरच्या कप्तानाच्या डोक्यातलं रॉकेट हे नुसतं खूळ नव्हतं, ते चालू सरकारचं धोरण होतं! एका बाजूला रॉकेट, दुसऱ्या बाजूला डुकरं आणि मध्ये एकेकाळच्या सागरसम्राज्ञीची गंज चढलेली विनाशिका. लंडनचा प्रेक्षक पोट धरून हसला असेल तर त्यात नवल नाही. त्यातल्या प्रत्येक तिसऱ्या पुरुषाने कधी ना कधी गणवेश घातलेला होता. कोठारातलं ब्लँकेट पोस्टाने घरी कसं जातं हे त्याला कुणी पडद्यावर दाखवायची गरज नव्हती.

म्हणूनच त्या काळात ब्रिटिशांनी नौदलावर विनोदाचा नुसता रतीब घातला. 'वॉच युवर स्टर्न' आला, नॉर्मन विज्डमचा 'द बुलडॉग ब्रीड' आला, पुढे 'कॅरी ऑन जॅक' आला. बीबीसीच्या रेडिओवर 'द नेव्ही लार्क' १९५९ ला सुरू झाला तो १९७७ पर्यंत चालला. समुद्रावरचं राज्य गेलं की समुद्रावरचे विनोद सुरू होतात, असं काहीतरी असावं. आपल्याकडे संस्थानं गेल्यावर संस्थानिकांचे किस्से असेच वाढले.

अभिनयाचं म्हणाल तर तीन माणसं चित्रपट ओढून नेतात. कप्तान झालेला डेव्हिड टॉमलिन्सन. याचा चेहरा म्हणजे नुकतंच कुणीतरी रांगेतून ढकलून दिलेल्या सभ्य गृहस्थाचा. पुढे 'मेरी पॉपिन्स'मधला बाप म्हणून तो जगाला माहीत झाला. ॲडमिरल झालेला विल्फ्रिड हाइड-व्हाइट. हाच 'माय फेअर लेडी'मधला कर्नल पिकरिंग. ज्यांनी फक्त 'ती फुलराणी' पाहिली आहे त्यांनीही एकदा याला बघावं. काहीही न करता मोठा साहेब कसं दिसायचं याचं शिक्षण सरकारने याच्याकडून घ्यायला हवं होतं. आणि सारंग झालेला सेलर्स.

सेलर्स तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचा. 'गून शो'मुळे आवाज घराघरात पोचलेला, चेहरा अजून पोचायचा होता. क्लूझो नाही, 'द पार्टी'मधला बक्षी नाही. (तो बक्षी पाहून आपल्याकडे काहींना राग आला, मला आला नाही, या माणसाने युद्धकाळात हवाई दलाच्या करमणूक-पथकाबरोबर हिंदुस्थानात मुक्काम केला होता, त्याने आपल्याला बघून ठेवलं होतं एवढंच.) इथे तो माकडचेष्टा जवळजवळ करतच नाही. शांतपणे, आदराने, साहेबाच्या तोंडावर सॅल्यूट ठोकून तो साहेबाला विकून टाकतो. त्याच्या डोळ्यांत लबाडी दिसत नाही, कर्तव्यदक्षता दिसते. मला विचाराल तर सेलर्सच्या पुढच्या पुष्कळ गाजलेल्या कामांपेक्षा हे काम मला खरं वाटतं. याच चित्रपटाचा पुढचा भाग त्याच वर्षी निघाला, त्यात सेलर्स नाही. त्याच्या जागी फ्रँकी हॉवर्ड आला. हॉवर्ड हसवतो, पण तो लबाड आहे हे लांबून दिसतं. लांबून दिसणारा लबाड विनोदी असतो, धोकादायक नसतो.

उणं काय? एक तरुणी आहे. ती चित्रपटात का आहे हे तिलाही सांगितलं नसावं. मधली वीसेक मिनिटं धावपळीची आहेत, आणि धावपळ म्हणजे विनोद असं समजण्याची चूक इंग्रजांकडूनही होते हे बघून बरं वाटतं.

पण माझी खरी तक्रार याहून जरा आतली आहे आणि ती सांगायची तर परत अण्णांकडे जायला हवं.

अण्णा एका सरकारी खात्याच्या गोदामात स्टोअरकीपर होते. खात्याचं नाव सांगत नाही. अण्णांनी मरेपर्यंत त्याचं नाव अदबीनेच घेतलं. इंडेंटवर सही, लेजरात नोंद, गेटपास, मगच वस्तू दाराबाहेर, हा त्यांचा त्रिकाळ संध्येचा मंत्र. ऑफिसची टाचणी घरी आली तर दुसऱ्या दिवशी कोटाला टोचून परत जायची. असा माणूस अंधारात बसून सरकारी मालाची भर दुपारी विक्री बघत होता. मी दर पाच मिनिटांनी त्यांच्याकडे बघायचो. पारशी हसत होते, मी हसत होतो, थिएटर हसत होतं, आणि अण्णा मांडीवर हात ठेवून, ऑडिट पार्टी समोर बसावी तसे बसले होते. गोदामातलं काही पडद्यावर बाहेर जाताना दिसलं की त्यांचा उजवा हात किंचित हलायचा. मला वाटतं ते मनातल्या मनात नोंद करत होते.

मग तपासणीची वेळ येते. ॲडमिरल जहाजावर येतो. जो माल नाही तो कसा दाखवायचा याची एकच धांदल उडते. थिएटर डोक्यावर घेतलं गेलं होतं. अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. मला लाज वाटली. यांना आणायलाच नको होतं, असंही वाटलं.

आणि मग ते रॉकेट सुटलं. ते कोणाच्या हातून सुटलं हे मी सांगणार नाही, ज्यांना पाहायचा असेल त्यांचा विरस होईल. पण सुटलं ते थेट 'बर्कली'वरच आलं. धूर, आवाज आणि दोन वर्षं कप्तानावाचून नांदलेली ती विनाशिका सगळ्यांदेखत पाण्यात गेली.

आणि अण्णा हसले.

हसले म्हणजे किती? पारशी गृहस्थांनी मागे वळून पाहिलं इतके. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीच्या दांड्यावर हात आपटून. आईच्या म्हणण्याप्रमाणे ते असे लग्नानंतर एकदाच हसले होते, आणि तेही लग्नाच्या आठवड्यात. मी घाबरलो. काय झालं म्हणून विचारलं तर बोलताच येईना. बोरीबंदरहून दादरची ट्राम पकडली, खिडकीशी बसलो, भायखळा आलं तेव्हा कुठे त्यांना शब्द सापडले.

"अरे, जहाज बुडालं!"

"हो. पाहिलं ना मी."

"म्हणजे सगळं राइट-ऑफ! रम गेली, रंग गेला, दोरखंड गेले. जे विकलं तेही बुडालं आणि जे कधी आलंच नव्हतं तेही बुडालं. एका ओळीत लेजर बंद. 'जहाजासमवेत नष्ट.' खाली सही." आणि पुन्हा हसू लागले. कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायचे विसरला.

मग लालबाग ते परळ एवढ्या टापूत, खिडकीबाहेर बघत, त्यांनी मला एक हकीकत सांगितली. घरात आम्हा मुलांना ती कधी कळलेली नव्हती. १९५७ साली त्यांच्या गोदामात मोजणी झाली. चाळीस ब्लँकेटं कमी भरली. ती एका वरिष्ठाने तोंडी हुकमावर नेली होती, पूरग्रस्तांसाठी म्हणून. चिठ्ठी उद्या पाठवतो म्हणाले. अण्णांनी आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, चिठ्ठीआधी माल सोडला. उद्या आला नाही, आणि कुठल्याही पूरग्रस्ताच्या अंगावर ती ब्लँकेटं गेली असतील असं अण्णांना वाटत नव्हतं. साहेबांना काही आठवेना. चौकशीत अण्णांनी साहेबांचं नाव घेतलं. पुरावा काय, म्हणून विचारलं गेलं. नऊ रुपयांना एक, म्हणजे चाळिसांचे तीनशे साठ. दरमहा बारा रुपये पगारातून वजा, तीस महिने.

तीस महिन्यांचं मला लख्ख आठवत होतं. वर्तमानपत्र बंद झालं होतं, शेजाऱ्यांचं शिळं आणून वाचायचो. अण्णांनी सुपारी सोडली, दातांना वाईट म्हणून. मी मॅट्रिकला अर्ध्या चड्डीत गेलो, त्यालाही काहीतरी आरोग्याचं कारण सांगितलं गेलं होतं. आमच्या घराण्यात आरोग्याविषयी एवढी जागरूकता त्याआधी आणि त्यानंतर कधीच नव्हती.

"मला जहाज नव्हतं रे," अण्णा म्हणाले. "गोदाम दगडी. ते कुठे बुडणार?"

आता माझी तक्रार सांगतो. या चित्रपटात कुणीच पैसे भरत नाही. सारंग विकतो, गाव विकत घेतं, कप्तान बावळट ठरतो, ॲडमिरलची अब्रू झाकायची असते, जहाज बुडतं. संपलं. ही त्याची गंमत आहे आणि हीच त्याची लबाडी आहे. बंदरावरच्या त्या स्टोअर्सच्या कचेरीत कुठेतरी कोटाला टाचणी टोचून बसलेला एक कारकून असणार, की नाही? त्याच्या लेजरात 'बर्कली'चं पान असणारच. त्याला पडद्यावर आणायचं सेलर्सला सुचलं नाही आणि गेस्टला परवडलं नसतं. तो आला असता तर थिएटर हसायचं थांबलं असतं. विनोदी चित्रपटाला सगळ्यांना माफ करावं लागतं, आणि सगळ्यांना माफ करायचं तर एका माणसाला दाराबाहेर ठेवावं लागतं.

यावरून आणखी एक गोष्ट आठवते. साहेबावाचून जहाज चालवणारे खलाशी सफोकच्या किनाऱ्यावर प्रहसन ठरतात. मुंबईत १९४६ च्या १८ फेब्रुवारीला 'तलवार'वरच्या खलाशांनी नासकं जेवण आणि साहेबांच्या शिव्या नाकारल्या. बघता बघता सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले, २३ तारखेपर्यंत ते चाललं आणि त्याला बंड म्हणतात. पुढे त्यांतल्या कित्येकांची नोकरी गेली. अण्णांनी त्या आठवड्यात कामावर जाताना गोळीबार ऐकला होता. तिथेही रॉकेट वगैरे काही आलं नाही.

असो. मी गंभीर होत चाललो आहे, आणि मराठी टीकेत ही खोड पुष्कळांना आहे. चित्रपट पाहण्याजोगा आहे की नाही? आहे. हसू येतं का? येतं. परवा मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही तरी आलं. पडद्यावर ती विनाशिका पाहताना मी उगाच तिची पत्रिका मांडत बसलो. खरी 'बर्कली' होती, हंट वर्गातली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये दिएपच्या हल्ल्यात निकामी झाली आणि तिच्याच लोकांनी तिला बुडवली. याच हंट वर्गातल्या तीन जुन्या नौका १९५३ च्या सुमारास आपल्या नौदलाकडे आल्या. त्या वर्गाच्या नौकांना इंग्रजांनी कोल्ह्यांच्या शिकारीसाठी नावाजलेल्या मंडळ्यांची नावं दिली होती. आपण ती पुसून गंगा, गोमती आणि गोदावरी ठेवली. कोल्ह्याच्या शिकारीवरून एकदम तीर्थक्षेत्री. मला वाटतं नामकरणाच्या बैठकीला कुणीतरी अण्णांसारखा माणूस असावा.

बोट बुडाली तेव्हा मी मोठ्याने हसलो असणार, कारण नातू दचकून जागा झाला. "काय झालं आजोबा?"

"जहाज बुडालं."

"मग त्यात हसण्यासारखं काय आहे?"

मी त्याला लेजर म्हणजे काय इथपासून सांगायला सुरुवात केली. तो परत झोपला. हिने आतून विचारलं, एवढ्या रात्री कसले आकडे चाललेत म्हणून. "चाळीस गुणिले नऊ," मी म्हणालो. "तीनशे साठ," ती म्हणाली, आणि दिवा घालवायला सांगितलं.